बदलत्या तंत्रज्ञानात संगणक कसा शिकवायचा? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००३ पासून मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास चालवते. इतर क्लासचालक, नव्याने शिकवायला लागलेली मुलंमुली आणि पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. मग शिकवायचं तरी नक्की काय?

माझ्या सुरुवातीच्या नोट्समध्ये असं असायचं: 'फाइल मेनूवर जा, वरून अमुक नंबरचा पर्याय निवडा.' मुलं ते पाठ करायची आणि परीक्षेत पास व्हायची. मग ऑफिस २००७ आलं. मेनूंच्या जागी रिबन (बटणांची आडवी पट्टी) आली, 'फाइल' हा शब्दच गेला आणि त्या जागी कोपऱ्यात एक गोल बटण बसलं. तीन महिन्यांपूर्वी चांगल्या गुणांनी पास झालेली एक मुलगी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात क्लासवर आली. "मॅडम, तिथल्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढता येत नाही. फाइलच नाहीये." तिला प्रिंट काढणं येत नव्हतं, प्रिंट कुठे असते एवढंच येत होतं. ती चूक माझ्या शिकवण्यातली होती. पुढे ऑफिस २०१० मध्ये 'फाइल' परत आली, पण माझ्या त्या नोट्स मी परत आणल्या नाहीत.

आता मशीनला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगायचं: मला काय करायचं आहे? "हा मजकूर मला कागदावर हवाय, पण दुसरंच पान." हे वाक्य तयार झालं की मग शोध. शोधायच्या वाटा तीन: राइट क्लिक, वरची सर्चची चौकट आणि कीबोर्ड. कंट्रोल एस, कंट्रोल झेड, कंट्रोल पी या जोड्या मी शिकवायला लागले तेव्हापासून आजपर्यंत तशाच आहेत. फाइल, फोल्डर, सेव्ह, कॉपी आणि मूव्हमधला फरक, फाइलचा प्रकार आणि आकार या गोष्टीही तशाच. शिकवण्याच्या वेळेतला मोठा वाटा यांना द्या. बटणांच्या जागा विद्यार्थी स्वतः शोधतो.

२. आजकालची मुलं मोबाईल सराईतपणे चालवतात. त्यांना बेसिक शिकवायची गरज आहे का?

आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहे. वीस वर्षांपूर्वी येणारा मुलगा माउस धरायला घाबरायचा, पण 'हा कागद त्या कपाटात' हे त्याला एकदा सांगितलं की समजायचं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोनवरच वाढलेली मुलं क्लासला यायला लागली. फोन त्यांना फाइल कधी दाखवतच नाही. फोटो गॅलरीत 'दिसतो', गाणं ॲपमध्ये 'असतं', मार्कशीट व्हॉट्सॲपवर 'आलेली असते'. प्रत्येक वस्तूला राहायची एक जागा आहे आणि त्या जागेला पत्ता आहे, ही कल्पनाच त्यांच्याकडे नसते.

गेल्या वर्षी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा भरतीचा अर्ज भरायला बसला होता. 'ब्राउझ' दाबल्यावर खिडकी उघडली आणि तो थांबला. "मॅडम, यात गॅलरी कुठंय?" मार्कशीट त्याने आदल्या दिवशी डाउनलोड केली होती, पण ती कुठे पडली हे त्याने पाहिलंच नव्हतं. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे डेस्कटॉपवरचं शॉर्टकटचं चित्र पेन ड्राइव्हमध्ये टाकून न्यायचं आणि झेरॉक्सच्या दुकानात ते उघडत नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालायचा.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मी हे करून घेते. स्वतःच्या नावाचा फोल्डर, त्यात 'कागदपत्रं', 'फोटो' आणि 'अर्ज' असे तीन. एकच अर्ज तीन ठिकाणी ठेवायचा: एकदा कॉपी करून, एकदा मूव्ह करून, एकदा शॉर्टकट बनवून. मग मूळ फाइल डिलीट करायची आणि काय उरलं, काय उघडतं ते पाहायचं. कॉपी उघडते, शॉर्टकट उघडत नाही. हे पाहताना मुलांचे चेहरे बदलतात आणि पुढचे दोन महिने सोपे जातात.

फाइलच्या आकाराचंही असंच. फोनने काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो आणि कितीतरी अर्जांत तो ५० केबीच्या आत मागतात. केबी आणि एमबी म्हणजे ग्रॅम आणि किलो, एवढं सांगून भागत नाही. फोटो लहान करून, आधीचा आणि नंतरचा आकार वहीत लिहायला लावा.

३. साठीच्या पुढच्या शिकणाऱ्यांसाठी वेगळी बॅच करावी का?

शक्य असेल तर करा. त्यांचा वेग कमी असतो म्हणून नव्हे, त्यांचं काम वेगळं असतं म्हणून. त्यांना एक्सेल नको असतं. पेन्शनचा हयातीचा दाखला, सातबारा, वीजबिल, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल हे हवं असतं. प्रत्येक तास अशा एकाच कामाचा ठेवा आणि ते काम त्यांच्याच फोनवर करा. पायऱ्या त्यांनी स्वतः वहीत लिहायच्या. मी लिहून दिलेला कागद घरी वाचला जात नाही, स्वतःच्या अक्षरातला वाचला जातो. फसवणुकीबद्दलचा तास (प्रश्न १०) या बॅचला पहिल्याच आठवड्यात घ्या.

४. मराठी टायपिंग कोणतं शिकवावं? श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव की युनिकोड? इन्स्क्रिप्ट की फोनेटिक?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं. आत इंग्रजी अक्षरांच्याच जागा असतात आणि त्यांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. फॉन्ट काढला की मजकुराचा अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग होतो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल दहा वर्षं असाच जुन्या फॉन्टमध्ये साठवला जात होता. नव्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, आणि सभासदांच्या यादीत एकही नाव वाचता येईना. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्यात 'क' हा कुठल्याही मशीनवर 'क'च राहतो, म्हणून तो शोधता येतो, क्रमाने लावता येतो, फोनवर पाठवता येतो. तेव्हा नव्या विद्यार्थ्याला युनिकोडच.

कीबोर्डवरच्या अक्षरांच्या मांडणीचं म्हणाल तर ज्याला रोज टायपिंग करायचं आहे त्याला इन्स्क्रिप्ट शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि 'के'वर क तर शिफ्टसह ख, 'आय'वर ग तर शिफ्टसह घ. बाराखडी आणि वर्णमाला येणाऱ्या माणसाला हे पटकन उमगतं, आणि ही मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ज्याला महिन्यातून एखादा अर्ज लिहायचा आहे त्याला फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी अक्षर) पुरे.

आता ज्यावर मी मुद्दाम एक पूर्ण तास घालवते ती गोष्ट. 'शेतकऱ्यांना' हा शब्द सरसकट 'शेतकर्यांना' असा टाइप होतो. 'आचार्यांना' मध्ये रफार बरोबर आहे, 'शेतकऱ्यांना' मध्ये नाही. हा फरक मराठीचा स्वतःचा आहे आणि तो टिकवणं आपल्या हातात आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट जे, मग डी, मग य: ऱ, हलन्त, य. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' असे पंचवीस शब्द मी लिहून घेते. तसंच 'ॲ' चं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीची सवय म्हणून 'अ'वर चंद्र चढवून लिहिणारे आजही आहेत. दिसायला दोन्ही सारखेच, पण यादीत 'ॲड.' शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले वकील सापडत नाहीत.

अपवाद दोन. सरकारी टायपिंग परीक्षेला बसणाऱ्याने महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या चालू सूचनेत मांडणी पाहूनच सराव सुरू करावा. आणि छापखान्यात नोकरी करणाऱ्यासाठी प्रश्न १३ पाहा.

५. आता फोनवर बोललं की मराठी टाइप होतं. मग टायपिंग शिकायचं कशाला?

बोलून टाइप करणं मी स्वतः शिकवते. बोटं दुखणाऱ्यांना आणि लिहायची सवय नसणाऱ्यांना तो मोठा आधार आहे. पण गावांची नावं, आडनावं आणि विरामचिन्हं यांत ते चुकतं, आणि ती चूक दुरुस्त करायला कीबोर्डच लागतो. शिवाय ऑफिसात दहा माणसं बसलेली असताना कुणाची पगाराची माहिती मोठ्याने बोलणार? लिपिकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र मागतात, ते वेगळंच.

६. लॅबमधल्या जुन्या मशीन विंडोज ११ घेत नाहीत. सगळ्या बदलाव्यात का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा भाग) आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या कितीतरी मशीन बाद ठरल्या. बारा मशीनची लॅब एकदम बदलणं तालुक्याच्या ठिकाणी कुणालाच परवडत नाही, मलाही परवडलं नाही.

मी तीन गट केले. ज्यांवर परीक्षा होतात आणि बँकेचे किंवा सरकारी व्यवहार केले जातात त्या चार मशीन बदलल्या. पाच मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस) टाकलं आणि हार्ड डिस्कच्या जागी जास्त वेगवान एसएसडी बसवली, त्यांचा वेग पाहून मुलंच चकित झाली. उरलेल्या तीन नेटपासून तोडून टायपिंगच्या सरावाला ठेवल्या. लिनक्सवर शिकवताना मला भीती होती की मुलं गोंधळतील. झालं उलटंच. दोन वेगवेगळ्या स्क्रीनवर तेच काम केल्याने प्रश्न १ मधला मुद्दा वेगळा सांगावा लागला नाही.

७. एक्सेलची कोणती आवृत्ती शिकवावी? एक्सलूकअप शिकवू की व्हीलूकअप?

दोन्ही, पण आधी व्हीलूकअप. दोन्ही सूत्रं यादीतलं नाव किंवा क्रमांक शोधून त्यासमोरची माहिती आणतात. एक्सलूकअप सोयीचं आहे, मात्र एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये ते चालत नाही, आणि आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत, सोसायट्यांत त्याच आवृत्त्या भरपूर आहेत. विद्यार्थी कुठे नोकरीला लागेल ते आपल्याला माहीत नसतं.

त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. त्या न शिकल्यामुळे माणसांचे पैसे अडकतात. पहिली: एक्सेल आकड्याचे १५ अंकच धरून ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच भरायचा. दुसरी: तारीख. मशीनची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०८ म्हणजे ८ मे होतो, आणि १३/०८ ही तारीखच न राहता नुसता मजकूर होतो. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर झालेली तारीख खान्यात डावीकडे चिकटते. तिसरी: मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) फाइल थेट उघडली की चित्रविचित्र अक्षरं दिसतात. 'डेटा' टॅबमधून आणायची आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडायचं.

८. टॅली आणि जीएसटी दोन्ही बदलत राहतात. कोर्स कसा टिकवायचा?

हिशोब आणि सॉफ्टवेअर वेगळं शिकवून. पहिले आठ दिवस कागदावर जमा-नावे. कुठलं खातं नावे, कुठलं जमा हे ज्याला वहीत येतं त्याला २०२० मध्ये टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टॅलीप्राइम आली तेव्हा फार त्रास झाला नाही. एफ ४ ते एफ ९ ची मुख्य बटणं तीच राहिली. क्रेडिट नोट कंट्रोल एफ ८ वरून ऑल्ट एफ ६ वर गेली, असे थोडे बदल झाले.

दरांचंही तसंच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅटच्या नोट्स रद्दीत गेल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले आणि ५, १८ व मोजक्या वस्तूंवर ४० टक्के असे दर आले. म्हणून मी छापील पुस्तकात दर देत नाही. दर फळ्यावर असतात, तारखेसह. विद्यार्थ्याने शिकायचं ते दर बदलायचा कुठे, आणि जुन्या तारखेच्या बिलाला जुनाच दर का ठेवायचा.

९. विद्यार्थी असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून आणतात. बंदी घालावी का?

पहिल्यांदा मी घातली होती. टिकली नाही, आणि टिकायला नको होती. नोकरीत ती साधनं त्यांच्यासमोर असणारच आहेत. आता मी वापरू देते, पण काम घेण्याची पद्धत बदलली आहे.

एक्सेलचं सूत्र कुठूनही आणा, पण माझ्यासमोर बसून त्यातला प्रत्येक भाग सांगायचा. मग मी एका खान्यातला आकडा बदलते आणि एंटर दाबण्याआधी विचारते, "आता उत्तर वाढेल की कमी होईल?" ज्याला समजलंय तो लगेच सांगतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो स्क्रीनकडे बघत राहतो, आणि त्याला काय येत नाही हे मी न बोलता त्याचं त्यालाच समजतं.

दुसरा धडा एका अर्जातून मिळाला. एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांना अर्ज लिहून आणला. भाषा सफाईदार, आणि त्यात एका शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख. आम्ही दोघींनी राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय शोधला. विभागाच्या नावाने शोधला, तारखेने शोधला. तसा निर्णय नव्हताच. ती दहा मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "मॅडम, मी हे देऊन आले असते." तेव्हापासून प्रत्येक बॅचला हा तास आहे: एआयने दिलेली एक तारीख, एक क्रमांक आणि एक नाव मूळ ठिकाणी जाऊन तपासायचं. आणि आधार, पॅन, खाते क्रमांक, घरच्यांचे वैद्यकीय रिपोर्ट यांतलं काहीही तिथे चिकटवायचं नाही.

१०. ऑनलाइन फसवणुकीबद्दल शिकवणं आपलं काम आहे का?

आहे. ज्याला आपण व्यवहार करायला शिकवलं त्याला सावध करणंही आपल्याकडेच येतं. नुसत्या 'काळजी घ्या' ने काही होत नाही, कृती शिकवा. यूपीआय पिन पैसे पाठवायला आणि शिल्लक पाहायला लागतो, पैसे मिळायला कधीच लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट' (व्हिडिओ कॉलवरून 'अटक') असा प्रकार कायद्यात नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. फाइलचा प्रकार ओळखायला शिकलेला विद्यार्थी (प्रश्न २) इथे वाचतो.

फसवणूक झालीच तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत. १९३० वर ताबडतोब फोन. हा नंबर मी वर्गात प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून घेते.

११. विद्यार्थ्याला माझ्यापेक्षा जास्त येत असेल तर काय करावं? आणि मी स्वतः शिकायचं कधी?

त्याला पुढे बोलवा आणि वर्गाला दाखवायला सांगा. शिक्षकाचा मान सगळं येण्यात नसतो. मी सरळ म्हणते, "हे मला येत नाही, उद्या सांगते," आणि उद्या सांगते. ते 'उद्या' मात्र चुकवायचं नाही.

माझ्याकडे एक वही आहे. ज्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तो तारखेसह त्यात जातो. रविवारी सकाळी दोन तास त्या वहीला. नवं काही आलं की आधी एकाच मशीनवर टाकते आणि स्वतःचं खरं काम त्यावर करते. ई-पीक पाहणी (फोनवरून पिकाची नोंद) २०२१ मध्ये आली तेव्हा मी सासऱ्यांच्या शेतात उभी राहून आमचीच नोंद केली. ऊन स्क्रीनवर पडतं आणि बांधावर नेटवर्क जातं, हे मला तिथेच कळलं.

१२. अभ्यासक्रम ठरलेला असतो. त्यात हे सगळं बसवायचं कसं?

एमएस-सीआयटीसारख्या कोर्सचा आराखडा आपण बदलू शकत नाही, आणि परीक्षेची तयारी पूर्ण व्हायलाच हवी. पण उदाहरणं आपली असतात. वर्डचा धडा अर्जाच्या पत्रावर घ्या, एक्सेलचा दूध डेअरीच्या पंधरवड्याच्या बिलावर. प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं मी धड्याबाहेरच्या प्रश्नांना देते. वरच्यांतलं बरंचसं त्या दहा मिनिटांत जन्माला आलं आहे.

१३. जुनी गोष्ट शिकवणं कधी थांबवावं? पेजमेकर अजून शिकवू का?

मी वर्षातून एकदा गावात फिरते. दोन छापखाने, एक फ्लेक्सवाला, तीन सीए ऑफिसं, पतसंस्था आणि सेतू केंद्र. तुमच्याकडे आज काय चालतं, नवा मुलगा आला तर त्याला काय यायला हवं, एवढंच विचारते. फ्लॅश (वेबवर हलती चित्रं चालवायचं तंत्र) २०२० च्या अखेरीस बंद झालं, ते त्याच वर्षी काढलं. पेजमेकर या छापील पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी आमच्या इथला एक छापखाना लग्नपत्रिकांचे जुने साचे त्यातच उघडतो. तो कोर्स मी बंद केला, पण त्या छापखान्यात कामाला लागणाऱ्या मुलाला चार दिवसांत जुनी फाइल उघडणं, त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणं आणि बदललेल्या मजकुरातले ऱ्या-ऱ्ये तपासणं एवढं शिकवते. गेल्या उन्हाळ्यात शिकून गेलेल्या मुलाने तिथले दीडशे साचे बदलून ठेवले आहेत. अजून बरेच बाकी आहेत.